निळ्या पोपटाची कुंची

माझ्याकडे काचेची एक बरणी आहे. पूर्वी तिच्यात लिंबाचं लोणचं असायचं. आता दर गुरुवारी भरतकाम करताना कापलेल्या दोऱ्यांची टोकं तिच्यात पडतात. हा कचरा कशाला ठेवतेस, असं घरात सगळे विचारतात. मला तरी कुठं माहीत आहे! पण टाकवत नाहीत. लाल टोक दिसलं की प्राचीच्या नवऱ्याचा शर्ट आठवतो, जाड पांढरं टोक दिसलं की आमच्या ह्यांचा गाल. किस्सेही असेच साठत गेले. कुणी मुद्दाम ठेवले नाहीत, झाडून काढायचे राहिले इतकंच.

आम्ही चौघी आहोत. गुरुवारी दुपारी जेवणं आवरली की मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बसतो. सगळ्यांत मोठ्या अक्का. त्यांचं माहेर गडहिंग्लजच्याही पलीकडं, सीमेला लागून. घरात कानडी, दारात मराठी. मला त्या ‘तंगी’ म्हणतात. कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. दुसरी मंदा, आमच्याच गल्लीतली. माहेर पेठ वडगाव, दारात म्हशी आणि आवाज असा की म्हशीही ऐकतात. तिसरी प्राची, वयानं सगळ्यांत लहान. ती इचलकरंजीची. वडील यंत्रमागावर कामाला होते, त्यामुळं कापड बोटांत धरलं की ते धुतल्यावर किती आटेल हे सांगते. आणि चौथी मी.

* * *

अक्कांची आणि माझी ओळख एका हळदीकुंकवात झाली. मी भरतकाम करते म्हटल्यावर त्या दुसऱ्याच दिवशी घरी आल्या. मी कौतुकानं टेबलक्लॉथ दाखवला. शाळेत शिकलेला साखळी टाका, भरीव टाक्याचे गुलाब, सगळं होतं त्यात.

अक्कांनी तो मांडीवर उलटा पसरला. मला वाटलं चुकून झालं, म्हणून मी सुलटा करून दिला. त्यांनी परत उलटा केला आणि मागच्या बाजूवरून बोट फिरवायला लागल्या.

“हितं कुकरची शिट्टी झाली व्हय?”

दोरा तिथं खरंच घाईनं तोडला होता.

“आणि हितं कुणीतरी दारात आलतं.”

तेही खरं असणार. मग बोट एका गुलाबापाशी थांबलं. “हितं तुझं मन न्हवतं.”

तो गुलाब मी मुलगा पुण्याला गेला त्या आठवड्यात भरला होता. मुलगी आधीच सासरी गेलेली. त्या दिवसांत दुपारी मी टीव्ही लावायची आणि पंख्याकडं बघत बसायची. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. अक्कांनाही सांगितलं नाही.

त्यांनी टेबलक्लॉथची घडी घातली. “गुरुवारी बसूया. तुझ्याकडं उजेड चांगला हाय.”

त्या दिवसापासून आम्हीही कापड उलटं करून बघायला शिकलो. पुढून आमची फुलं सारखी दिसतात, पण मागून कुणाचं कुठलं हे लगेच कळतं. मंदा दोऱ्याच्या शेवटी गाठ मारते, म्हशीला दावं बांधल्यागत. प्राची दोन बारीक उलटे टाके घालून दोरा अडकवते. माझं शेपूट लांब राहतं. आणि अक्कांच्या कामाला मागची बाजूच नसते. त्या माहेरची कसूती शिकलेल्या. ते कानडी भरतकाम दोन्हीकडून सारखं दिसतं, त्यात गाठ चालतच नाही.

* * *

अक्कांचा दुसरा नियम म्हणजे, रंग दुकानाच्या आत बघायचा नाही. ट्यूबलाइट खोटं बोलते म्हणतात. त्यामुळं महाद्वार रोडच्या गल्लीतल्या दोऱ्यांच्या दुकानात गेलो की आम्ही चौघी लड्या घेऊन बाहेर पायरीवर येतो, आणि एकेक लडी उन्हात धरून बघत बसतो.

एकदा असंच बसलो होतो. मलकापूरकडचे एक गृहस्थ देवीचं दर्शन घेऊन चालले होते. आमच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, “मावशी, करगोटा कसा दिला?”

मंदा म्हणाली, “पावणं, आम्हीच गिऱ्हाईक हाय.”

ते काही उठेनात. नातवाच्या कमरेला बांधायला करगोटा हवा होता आणि आत जायला लाजत होते. शेवटी अक्का स्वतः आत गेल्या, चांगला पिळाचा काळा गोफ निवडून आणला आणि त्यांच्या हातात दिला. दुकानदार हसून म्हणाला, “अक्का, उद्यापासनं गल्ल्यावरच बसा की.”

निघताना अक्कांनी दोन लड्या माझ्यासमोर धरल्या. “तंगी, यातली काळी कंची?”

एक काळी होती, दुसरी गर्द निळी. भर उन्हात स्पष्ट दिसत होतं. मला वाटलं, परीक्षा घेतायत. मी काळीवर बोट ठेवलं.

“बरोबर,” अक्का म्हणाल्या, आणि दोन्ही लड्या पिशवीत टाकल्या.

* * *

नवा लाल दोरा आधी मिठाच्या पाण्यात भिजवायचा, पांढऱ्या फडक्यावर दाबून बघायचा आणि मगच कापडाला लावायचा, हे अक्का प्रत्येकीला पहिल्याच दिवशी सांगतात. प्राचीनं व्हिडिओत बघितलं होतं की आजकाल याची गरज नसते. तिनं नवऱ्याच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशावर लाल दोऱ्यानं त्याच्या नावाचं पहिलं अक्षर भरलं. पहिल्याच धुण्यात आख्खा शर्ट गुलाबी झाला.

नवरा गुणी. तसाच घालून बँकेत गेला. संध्याकाळी आला तो खूश होऊन. ऑफिसात सगळ्यांनी विचारलं म्हणे, हा शेड कुठं मिळाला? साहेबांनाही तसाच हवा होता.

गुरुवारी प्राची साहेबांचा पांढरा शर्ट घेऊनच आली. अक्कांना म्हणाली, “आता हा तसाच गुलाबी कसा करायचा, सांगा.”

अक्कांनी बराच विचार केला. “ते मला येत न्हाय गं. रंग जाऊ न द्यायचं तेवढंच येतं.”

* * *

आमच्या ह्यांच्या गालाचंही सांगून टाकते. गाठीचा टाका मला नवीनच जमला होता. सुईला दोरा गुंडाळायचा आणि खाली ओढायचा की कापडावर दाण्यासारखी गाठ उठते. मला त्याचं वेडच लागलं. मी सहा पदरी पांढरा दोरा घेतला आणि उशीच्या अभ्र्यावर मोगऱ्याचा मोठा गुच्छ भरला. अभ्रा ह्यांच्या उशीला घातला.

सकाळी हे दाढीला गेले. न्हाव्यानं गाल उजेडाकडं वळवला आणि म्हणाला, “मालक, कायतरी चावलंय तुम्हाला. पण ओळीनं चावलंय की!”

घरी येऊन हे आरशासमोर उभे राहिले. गालावर पाकळ्यांसकट मोगरा उठला होता. मला वाटलं आता ओरडतील. तर म्हणाले, “देठ राहिलंय काय गं एक?”

* * *

इथून पुढचे किस्से अक्कांच्या कुंचीचे.

अक्कांच्या नातीला, पल्लवीला, दिवस गेले तेव्हा अक्कांनी जाहीर केलं की बाळाची कुंची त्या स्वतःच्या हातानं भरणार. डोक्यावर टोपी आणि मागं पाठीवर झालर, अशी बाळाची कुंची सगळ्यांना माहीत आहे. पांढरं मऊ सुती कापड घेतलं. झालरीच्या किनारीला हिरव्या पोपटांची रांग आणि टोपीच्या शेंड्यावर एक मोठा पोपट. अक्कांच्या घरी मांजर दोरे ओढतं, म्हणून कुंची बिस्किटाच्या डब्यात घालून आमच्याच कपाटात राहायची.

त्याच सुमाराला अक्कांची सून, पल्लवीची आई सविता, मला भेटून गेली. अक्कांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टर लवकर ऑपरेशन करा म्हणत होते आणि अक्का ऐकत नव्हत्या. “तुमचं तरी ऐकतील,” सविता म्हणाली.

आम्ही विषय काढला. अक्का शांतपणे म्हणाल्या, “जन्मभर दुसऱ्याच्या कापडात सुई मी घातली. आता माझ्या डोळ्यात कोण सुई घालतंय? कुंची हून दे, मग बघू.”

सुई ओवायला त्यांना जमत नव्हतं, ते त्यांनी कधी लपवलं नाही. त्या यायच्या आधी प्राची बऱ्याच सुया ओवून उशीला टोचून ठेवायची. अक्का म्हणायच्या, “हात माझं, डोळं प्राचीचं.” पण रंग मात्र त्याच निवडायच्या. रंगाच्या बाबतीत आम्ही तिघी त्यांच्यापुढं तोंड उघडत नव्हतो. जांभळ्याशेजारी मोहरीचा पिवळा ठेवायचं धाडस मला त्यांनी शिकवलं. मंदाच्या साड्यासुद्धा त्याच निवडून देतात.

पहिला पोपट भरायचा त्या गुरुवारी त्यांनी डब्यातून लडी काढून प्राचीच्या हातात दिली. “ह्यो हिरवा बघ. ओव.”

लडी निळी होती. आकाशासारखी निळी.

प्राचीनं माझ्याकडं बघितलं. मी मंदाकडं बघितलं. मंदानं तोंड उघडलं आणि मी तिच्या पायावर पाय ठेवला. प्राचीनं निळा दोरा ओवून दिला. अक्का भरायला लागल्या. टाके इतके सारखे, इतके चिकटून की रेशमाचा तुकडा लावल्यासारखा वाटावा. आणि पोपट निळा.

* * *

स्वयंपाकघरात मंदा कुजबुजली. तिचं कुजबुजणं बाहेर रस्त्यावर ऐकू येतं, म्हणून मी नळ सोडला.

“मी सांगतो त्यास्नी. पोपट निळा असतो व्हय कधी?”

मी म्हटलं, “आपल्याला रंग दाखवले कुणी? आता त्यांनाच कुठल्या तोंडानं सांगायचं, की तुम्हाला हिरवा दिसत नाही?”

अक्का ऑपरेशनला घाबरत होत्या, पण रंग गेले असं कळलं असतं तर त्यांनी सुईच खाली ठेवली असती. कुंची अर्धी राहिली असती. बाळ यायला फार दिवस नव्हते.

प्राची म्हणाली, “मागावर तार तुटली म्हणून कुणी आख्खं कापड फेकून देत नाही, मावशी. जोडून घेतात. आपण उसवून हिरवं भरूया.”

मग आमचे शुक्रवारही सुरू झाले. गुरुवारी अक्का निळे पोपट भरायच्या. शुक्रवारी आम्ही तिघी ते मागच्या बाजूनं कातरून, चिमट्यानं एकेक धागा ओढून काढायचो आणि त्याच भोकांतून हिरवा भरायचो. अक्कांचं काम उसवताना देवघरातली मूर्ती हलवल्यासारखं वाटायचं.

पुढच्या गुरुवारी अक्का आधी त्या पोपटांवरून बोट फिरवायच्या आणि पुढं भरायला घ्यायच्या. आपलंच काम म्हणून उलटं करून बघत नव्हत्या. एकदा त्यांचं बोट मंदानं भरलेल्या पोपटावर थांबलं.

“ह्यो जरा म्हशीवानी झालाय. डुलकी लागली असंल मला.”

मंदाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

शेवटी टोपीच्या शेंड्यावरचा मोठा पोपट राहिला. तो अक्कांनी फार दिवस भरला. पंखातलं एकेक पीस वेगळं केलं. झाला तेव्हा त्यावर तळहात ठेवून बसून राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, “ह्यो साधला.”

तोही निळाच होता.

शुक्रवारी प्राचीनं कात्री हातात घेतली आणि परत ठेवली. मंदानं घेतली, तिनंही ठेवली. मी डब्याचं झाकण लावलं.

* * *

पल्लवीला मुलगी झाली. अक्कांना दवाखान्यात मीच घेऊन गेले. बाळाला मांडीवर देताच त्या खिडकीकडं सरकल्या. दोरा बघायला दुकानाच्या पायरीवर येतात, अगदी तशा. बाळाचं तोंड उजेडाकडं केलं. खूप वेळ बघत राहिल्या. सविता चहा आणायला बाहेर गेली, पल्लवीला झोप लागली होती.

तेव्हा अक्कांनी हळूच विचारलं, “तंगी, हिला पापण्या हाईत का गं?”

मी वाकून बघितलं. “आहेत, अक्का. लांब आहेत.”

“कशा?”

“एकपदरी दोऱ्यानं भराव्यात तशा.”

अक्कांनी मान हलवली. बोट बाळाच्या डोळ्यांपर्यंत नेलं, पण लावलं नाही.

परत येताना रिक्षात अक्का घर जवळ आल्यावर म्हणाल्या, “सविताला सांग. डॉक्टरला फोन कर म्हणावं.”

* * *

दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. काळा चष्मा निघाला त्या गुरुवारी अक्का आमच्याकडं आल्या आणि दारातच थांबल्या.

“भिंतीला रंग कवा दिला?”

“दिला नाही, अक्का. तोच आहे.”

मग त्यांची नजर मंदाकडं गेली. मंदा मागच्या दिवाळीची साडी नेसून आली होती. भडक राणी रंग, त्याला पोपटी काठ आणि वर नारिंगी बुट्टे. लांबून येताना म्हशी बुजतात असं तिचा नवरा म्हणायचा.

“मंदा, ही कुणी निवडली?”

“तुम्हीच की.”

“आणि तू नेसलीस?”

“तुम्ही निवडली म्हटल्यावर नेसणार की.”

अक्का हसल्या नाहीत. खुर्चीवर बसल्या. खोलीतल्या उशा, पडदे, आमच्या मांडीवरची कापडं, सगळं एकेक करून बघितलं. मग म्हणाल्या, “लई दिवस मला रंग चुकीचंच दिसत हुतं काय गं?”

मी चहा टाकायला उठले. कपाटात बिस्किटाचा डबा होता. त्यांनी मागितला असता तर मला द्यावा लागला असता. पण त्या म्हणाल्या, “कुंची बारशालाच उघडूया.”

तोपर्यंत आम्हा तिघींना नीट झोप लागली नाही. एकच निळा पोपट, बाकी सगळे हिरवे. हिशोब कळायला अक्कांना कितीसा वेळ लागणार! आपल्या पाठीमागं या पोरींनी आपलं काम उसवलं, असं त्यांना वाटलं तर? गुरुवार राहतील का?

* * *

अक्कांच्या डोळ्यांसाठी पुढं ढकललेलं बारसं शेवटी त्यांच्याच घरी झालं. पाळणा झेंडूनं सजवलेला, घर पाहुण्यांनी भरलेलं, घुगऱ्यांचा वास. मी डबा अक्कांच्या हातात दिला आणि मंदा-प्राचीच्या मध्ये जाऊन बसले. मंदानं माझा हात धरला.

अक्कांनी कुंची उलगडली. किनारीची हिरवी रांग बघितली. मग टोपीवरचा निळा पोपट बघितला. परत रांग बघितली.

“ह्यो निळा कसा?”

मंदा आढ्याकडं बघायला लागली. प्राची म्हणाली, “अक्का, ते...”

अक्कांनी कुंची मांडीवर घेतली आणि उलटी केली. सवयच ती. किनारीच्या मागच्या बाजूवर बोट ठेवलं आणि सरकवायला सुरुवात केली. पहिल्या पोपटाला गाठ लागली.

“मंदा,” अक्का म्हणाल्या.

बोट पुढं सरकलं. दोन बारीक उलटे टाके. “प्राची.”

पुढं लांब शेपूट. “तंगी.”

मग परत मंदा, परत प्राची, परत मी. शाळेत हजेरी घेतात तशी सगळी किनार त्यांनी वाचली. आवाज चढला नाही की उतरला नाही. शेवटी बोट टोपीच्या शेंड्यावर आलं. तिथं गाठ नव्हती, शेपूट नव्हतं. मागची बाजू पुढच्यासारखीच होती.

“ह्यो माझा.”

त्यांनी वर बघितलं. आमच्या तिघींकडं, एकेकीकडं. त्या नव्या डोळ्यांनी त्या इतक्या नीट बघतात की त्यांच्या नजरेसमोर यायची भीती वाटते. मी काहीतरी बोलणार होते. माफी मागणार होते बहुतेक. तेवढ्यात सविता मऊ सॅटिनचा तुकडा घेऊन आली. कुंचीला आतून अस्तर टाचायचं राहिलं होतं.

“आत्या, द्या इकडं. मागची बाजू झाकून टाकते पटकन.”

“अस्तर नको,” अक्का म्हणाल्या.

त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं. कुंची होती तशीच, उलटी, बाळाच्या डोक्यावर चढवली. हिरवे पोपट आत गेले. बाहेर सगळ्यांच्या समोर मंदाच्या गाठी, प्राचीचे उलटे टाके आणि माझी लांब शेपटं. झालर पाठीवर नीट पसरली.

पाळण्याजवळच्या एक पाहुण्या बाई घाईनं पुढं आल्या. “अहो आजी, कुंची उलटी घातलीय बाळाला!”

अक्कांनी बाळाच्या हनुवटीखाली नाडीची गाठ मारली. हळू, नीट, दोन वेळा ओढून बघितली.

“न्हाय,” त्या म्हणाल्या. “सुलटीच हाय.”